सहावं बटण

या आठवड्यात धूर परत आला आहे. काल संध्याकाळी पासिर रिस स्टेशनातून बाहेर पडले आणि पहिल्याच श्वासाला तो वास आला, ओली लाकडं चुलीत घातल्यासारखा. समोरच्या ब्लॉकचे वरचे चार मजले दिसेनासे झाले होते. घरी आल्याबरोबर खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातलेले कपडे आत ओढले, खिडक्या लावल्या आणि पर्सही न काढता पंख्याखाली बसले. प्रशांत, म्हणजे माझा नवरा, टीव्हीवर हवेचा आकडा बघत होता. "आजचा बरा आहे," तो म्हणाला. बरा म्हणजे कालच्यापेक्षा बरा. या दिवसांत अपेक्षा इतकी खाली येते, की डोळे नुसते चुरचुरले आणि वाहिले नाहीत तरी दिवस चांगला गेला असं वाटतं.

सिंगापुरात ऋतू नसतात, अशी आमच्या मंडळींची जुनी तक्रार आहे. बारा महिने तेच ऊन, तोच चारचा पाऊस, त्याच चपला. मला ते पटत नाही. इथे एक ऋतू नक्की आहे. समुद्रापलीकडच्या बेटावर रानं पेटवतात, वारा आमच्या बाजूला वळतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचे काही आठवडे सगळं शहर राखाडी होऊन बसतं. नागपूरला त्याच सुमारास दसरा असतो. दीक्षाभूमीला येणारे आमचे गावाकडचे लोक घरी उतरतात, अंगणात सतरंज्या पडतात, आई पहाटेपासून पिठात हात घालून असते. आणि मी इथे बंद खिडकीत बसून दुसऱ्याच्या रानाची राख हुंगते. म्हणून असेल, पण या ऋतूत मला काही न करताच थकायला होतं. थकले की तीन वर्षांपूर्वीचा धूर आठवतो, मिस्टर लिम आठवतात, आणि ते बटण आठवतं.

मिस्टर लिम माझे तेव्हाचे बॉस. उबी नावाच्या भागातल्या कारखान्यांच्या एका इमारतीत, पाचव्या मजल्यावर त्यांची छोटी कंपनी होती. आम्ही सगळे मिळून सातजण. लिफ्ट मालाची; तिच्यातून आमच्याबरोबर कधी मैद्याची पोती वर यायची, कधी कुणाचा सोफा. आम्ही दुसऱ्यांच्या यंत्रांत बसणारे सर्किट बोर्ड बनवायचो, कुणाच्या वॉशिंग मशीनचा, कुणाच्या फाटकाचा. लिम पन्नाशीचे, बोलायला तुटक, वाक्याच्या शेवटी इथला 'लाह' जोडणारे, कामाला वाघ. जेवायच्या सुट्टीतसुद्धा त्यांच्या एका हातात सोल्डरिंग चालू असायचं आणि दुसऱ्या हातात बिस्किट. तेच जेवण. त्या वर्षी त्यांनी एक काम कुणी गिऱ्हाईक मागत नसताना काढलं. ते आईसाठी होतं.

त्यांच्या आईला सगळेच आह मा म्हणायचे, म्हणजे आजी. चाळीस वर्षं तिनं हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, फिशबॉल नूडल्सचा स्टॉल चालवला होता. चौऱ्याहत्तराव्या वर्षी लिमनी तो बंद करायला लावला. गुडघे गेलेत, उकळत्या पाण्याची पातेली उचलते, एखाद्या दिवशी अंगावर घेईल, असं त्यांचं म्हणणं. आणि ते काही चुकीचं नव्हतं. आह मानं परवाना सोडल्याच्या कागदावर सही केली आणि त्या दिवसापासून मुलाशी बोलणं टाकलं. दोन महिन्यांनी तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोकं शाबूत राहिलं, डावा हात थोडासा राहिला.

"आधी तिनं बोलणं बंद केलं, मग तिचं बोलणं बंद पडलं," लिम एकदा मला म्हणाले. "आता ती गप्प आहे ती पहिल्यामुळे की दुसऱ्यामुळे, मला कसं कळणार, सू?" माझं नाव सुजाता. त्यांना एवढं लांब बोलायला वेळ नसायचा. हे सगळं त्यांनी मल्टीमीटरच्या आकड्याकडे बघत सांगितलं, आणि मीही त्या आकड्याकडेच बघत राहिले. त्यांना आईकडून एक शब्द हवा होता, रागाचा का असेना. त्यांनी काढलेलं ते काम, म्हणजे एक बोलका डबा, एवढ्यासाठी होतं.

डबा दिसायला अगदी साधा. व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर असतात तसली मोठी गोल बटणं, नुसता हात पडला तरी दाबली जातील अशी. डब्याची वायर कॉम्प्युटरला लावायची आणि बटण दाबलं की कॉम्प्युटरनं एक वाक्य बोलायचं. पाणी हवं. दुखतंय. पंखा लाव. कूस बदल. वाक्यं घरच्यांनी घरच्याच बोलीत रेकॉर्ड करायची आणि वाटेल तेव्हा बदलायची. "आजारी माणसाला रोज तेच तेच नाही बोलायचं असतं," लिम म्हणायचे.

अडचण एकच होती आणि ती माझ्या गळ्यात पडली. कॉम्प्युटरशी यूएसबीनं बोलायचं तर ती भाषा येणारी चिप लागते. लिमच्या खणात होती ती साधी चिप, अठ्ठावीस पायांची, जिनं यूएसबीचं नावही ऐकलेलं नाही. पण तसल्या चिपा ढिगानं पडून होत्या, त्यांचा बोर्ड तयार होता, आणि लिम हट्टी होते. "प्रोग्रॅममध्ये कर," ते म्हणाले. म्हणजे चिपच्या दोन मुक्या पायांना मी ओळीओळीनं बोलायला शिकवायचं. कुणीतरी कुठेतरी हे जमवलंय असं मी इंटरनेटवर वाचलं होतं. तेवढ्या भांडवलावर हो म्हणून बसले.

काय असतं हे काम? कॉम्प्युटर त्या तारेवरून सेकंदाला पंधरा लाख ठोके पाठवतो. माझ्या चिपचं घड्याळ सेकंदाला एक कोटी वीस लाख वेळा टिकटिकतं. ऐकायला श्रीमंती वाटते, पण भागाकार केला की एका ठोक्यासाठी हातात उरतात फक्त आठ टिका. त्या आठांत तारेकडे बघायचं, एक आला की शून्य ते ठरवायचं, जपून ठेवायचं आणि पुढच्या ठोक्याला परत दारात हजर व्हायचं. नववी टिक मिळत नाही. मी ग्राफच्या वहीत प्रत्येक सूचनेपुढे पेन्सिलीनं टिंबं काढायचे, एका टिकेला एक टिंब. नऊ टिंबं भरली की एखादी ओळ खोडायची, दुसरीकडे कुठे मावते का बघायची. बाहेर धूर वाढत होता, इमारतीची खिडकी टेपनं बंद केलेली होती, आणि माझ्या टेबलावर खोडरबराचा चुरा साचत होता.

शिवाय कॉम्प्युटर हा काही प्रेमळ श्रोता नव्हे. तो घडीघडी विचारतो, काही आहे का? काही नसेल तर "आत्ता काही नाही" असं तरी ताबडतोब सांगावं लागतं. गप्प राहिलात किंवा वेडंवाकडं बोललात तर आणखी दोनदा विचारतो आणि मग तुमचा नाद सोडतो. त्यानंतर वायर काढून परत लावेपर्यंत तुम्ही त्याच्या लेखी मेलात.

त्यातला सहाचा नियम मात्र मला आवडायचा. तारेवर शून्य पाठवायचं म्हणजे बदल करायचा. एक पाठवायचा म्हणजे आहे तसंच राहू द्यायचं. आता लागोपाठ नुसते 'एक' हेच आकडे येत राहिले तर तारेवर काही हलतच नाही, आणि ऐकणाऱ्याला आपण कितव्या ठोक्यावर आहोत ते कळेनासं होतं. म्हणून सलग सहा एक झाले, की पाठवणाऱ्यानं एक शून्य पदरचं घालायचं. त्या शून्याला अर्थ काही नसतो. मी आहे, तू ऐकतोयस ना, एवढ्यापुरतंच ते. आठवडाभर काही न घडल्यावर रविवारी घरी फोन करतो ना, तसं.

मी दर रविवारी नागपूरला फोन करायचे. आई पहिलं विचारायची, "जेवली का?" मी म्हणायचे, "हो गं, जेवले." कित्येकदा तर गॅसही पेटवलेला नसायचा. पण नाही म्हटलं की पुढे काहून नाही, काय खाल्लं सकाळी, वजन किती, असं लांबण लागायचं, आणि माझ्या डोळ्यांसमोर तर वहीतली टिंबं नाचत असायची. हो म्हटलं की विषय मिटायचा.

चार बटणांचा डबा ऑक्टोबर लागता लागता चालला. लिमनी पहिलं बटण दाबलं, कॉम्प्युटर त्यांच्या टिओच्यू या चिनी बोलीत "पाणी" म्हणाला, आणि मला एकदम रडू फुटलं. लोकांना वाटलं धुरानं डोळे आलेत. लिम नुसतं "गुड" म्हणाले आणि त्याच दिवशी डबा मरीन परेडच्या त्यांच्या फ्लॅटवर घेऊन गेले.

दिवसभर आह माजवळ तिची धाकटी बहीण असायची. तिला आह यी म्हणायचे, मावशी. तीही सत्तरीला टेकलेली, पण काटक. सकाळी बसनं यायची, संध्याकाळी लिम घरी पोचायच्या आधी बसनं परत जायची. डब्यातली वाक्यं तीच दिवसा भरायची, तिच्याच आवाजात. आठवड्याभरात तिनं लिमना निरोप ठेवला की आह मा डब्याच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवते आणि दोन बोटं दाखवते. आणखी दोन बटणं हवीत. "बघ, तिला बोलायचंय," लिम मला म्हणाले. त्यांचा एवढा मोकळा चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते.

शुक्रवारी मी दोन बटणं वाढवली. तारा जोडल्या, प्रोग्रॅममधल्या यादीत दोन आकडे घातले. पाचवं दाबून बघितलं, चाललं. सहाव्याचं कामही तेच, फक्त आकडा एकानं पुढचा. घसा खवखवत होता, मास्क लावून लावून कानांमागे वळ उठले होते, कधी एकदा घरी जाऊन पडते असं झालं होतं. पाच चाललं म्हणजे सहा चालणारच, असं स्वतःलाच सांगून मी डब्याचे स्क्रू आवळले.

पुढच्या बुधवारी लिम आले ते चेहरा पाडून. "दिवसभर चालतो. मी घरी गेलो की मरतो."

"म्हणजे?"

"एव्हरी डे सेम, लाह. मी बूट काढतो, ती हात खाली आणते, खलास. स्क्रीनवर एरर. वायर काढून लावतो. परत हात, परत खलास."

यावर कुठलाही शहाणा माणूस विचारेल, ती कुठलं बटण दाबते? मी नाही विचारलं. यासाठी माझं मन मला आजही खातं. मी विचारलं, संध्याकाळी घरात विजेवर काय काय चालू असतं? लिम घरी येऊन हवा शुद्ध करायचं नवं यंत्र लावायचे. झालं, मला चोर सापडला. यंत्र बंद ठेवायला सांगितलं. ते दोन दिवस बिचारी आह मा खोकत राहिली आणि डबा मरायचा तो मेलाच. मग वायर आखूड केली. मग चिपला वीज पुरवणाऱ्या भागात भर घातली. मग ट्यूबलाइटवर संशय घेतला. दमलेला इंजिनिअर स्वतःची चूक सोडून बाकी सगळ्या जगाची तपासणी करतो, आणि किती मन लावून करतो!

दोन शनिवार दुपारचे मी त्यांच्या फ्लॅटवर जाऊन बसले, तारेवरचे ठोके दाखवणारं मशीन लावून. आह मा पलंगावर टेकून असायची. पांढरे बारीक केस, डोळे लख्ख. मी दिसले की पंख्याचं बटण दाबायची, माझ्यासाठी. पंखा लागायचा. डबा एकदाही मेला नाही. मी गेले की त्याच संध्याकाळी मरायचा.

तिसऱ्या आठवड्यात लिमनी मला थांबवलं. मी वहीत डोकं घालून बसले होते. ते शेजारी आले, खुर्ची ओढली, पण बसले नाहीत.

"सोड, सू. मशीन ठीक आहे."

"कसं ठीक आहे? रोज बंद पडतंय."

"माझ्यासमोरच पडतं. आह यीशी बोलते, तुझ्याशी बोलते. मला बघितलं की बंद करते." त्यांनी माझ्या टेबलावरचा खोडरबराचा चुरा हातानं एका बाजूला सारला. "स्टॉल घेतला ना मी तिचा. शी स्टिल अँग्री. मला उत्तर पाहिजे होतं, मिळालं, लाह."

मला त्यांना सांगायचं होतं, की यंत्र असं कुणावर रागवून बंद पाडता येत नाही. पण तीन आठवडे हात टेकलेल्या बाईनं कुठल्या तोंडानं सांगायचं? मी इतकंच म्हटलं, की उद्या एकदा शेवटचं बघून येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. बुधवार होता. आकाश आणि समुद्र दोन्ही कुठे होते ते कळत नव्हतं, नुसती पिवळट राखाडी भिंत. आह यीनं दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "यू सो थिन." मग मला हाताला धरून पलंगापाशी नेलं. आपल्याला माझी भाषा येत नाही याची तिला फार अडचण व्हायची, पण त्या दिवशी तिच्याकडे युक्ती होती. तिनं डब्यावर आपलं बोट नेलं आणि मोठ्या मानानं सहावं बटण दाबलं. पाहुणीला यंत्राकडून विचारायचं होतं तिला काहीतरी.

यंत्र काही बोललं नाही. स्क्रीनवर एरर आली. डबा मेला.

आह यी चपापली, आपल्या हातून मोडलं म्हणून.  मी वायर काढली, लावली, एक ते पाच बटणं दाबली, सगळी चालली. सहावं दाबलं. मेला.

"यात काय आहे?" मी विचारलं. "काय बोलतं हे?"

आह यीनं डाव्या हाताची वाटी केली, उजव्या हाताच्या दोन बोटांच्या काड्या केल्या आणि तोंडाशी नेल्या. "ईट. यू ईट ऑलरेडी?"

जेवलीस का?

"कुणाला विचारायला?"

आह यीला माझा प्रश्नच कळेना, इतकं ते उघड होतं. "आह बॉय," ती म्हणाली. आह बॉय म्हणजे आमचे पन्नाशीचे मिस्टर लिम. "ही कम होम, शी आस्क. फॉर्टी इयर्स स्टॉल. एव्हरी पीपल शी आस्क." आणि पलंगावरून आह मा माझ्याकडे बघत होती. तिचा डावा हात डब्यापासून वीतभर अंतरावर, पांघरुणावर होता.

मला तिथे उभं राहवेना. पाच बटणं मागण्याची होती. पाणी द्या, दुखतंय, पंखा लावा, मला वळवा, मला बसवा. सहावं एकटंच तिनं दुसऱ्यासाठी मागून घेतलं होतं, आणि तेच मी न तपासता बंद करून पाठवलं होतं. रोज संध्याकाळी मुलगा दारात बूट काढायचा, ही विचारायची, आणि माझं यंत्र तिच्या तोंडावर हात ठेवायचं.

ऑफिसात परत येऊन वही काढली. पाचव्या बटणाचा आकडा ठोक्यांत मांडला तर त्यात पाच एक येतात. सहाव्याच्या आकड्यात सलग सहा. आमच्या डब्यानं आतापर्यंत जे काही पाठवलं होतं त्यात सलग सहा एक कधी आलेच नव्हते. सहा झाले की पदरचं शून्य घालायचं, ते मी घातलं होतं. पण घातल्यावर मोजणी पहिल्यापासून सुरू करायची असते, आणि ती ओळ वहीत आडवी खोडलेली होती. शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "नऊ होतात. नंतर बघू." मला आवडणारा नियम, नेमका तोच. ती ओळ मावायला लागणारी एक टिक मला दुसऱ्या एका ओळीत फुकट गेलेली सापडली, शोधायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत. चिपमध्ये नवा प्रोग्रॅम भरला. यावेळी सहाही बटणं वीस वीस वेळा दाबली.

गुरुवारी संध्याकाळी लिमच्या व्हॅनमध्ये बसून मी त्यांना सांगितलं. डबा माझ्या मांडीवर होता. चूक माझी होती, त्यांची आई काही बंद करत नव्हती, ती सहावं बटण दाबत होती आणि सहाव्यात काय होतं, सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, मागून कुणी हॉर्न दिला तेव्हा त्यांनी गाडी पुढे घेतली.

"रोज विचारत होती," ते म्हणाले.

"हो."

"मी वायर काढून ठेवायचो, सू. दोनदा लावायचो, मग काढून ठेवायचो."

मग त्यांनी व्हॅन मरीन परेडकडे वळवली.

आह यी त्या दिवशी बस चुकवून थांबली होती. मी आधी आत जाऊन डबा लावला आणि भिंतीशी उभी राहिले. लिम दारात बूट काढत होते. फार वेळ काढत होते. मग ते आत आले आणि आह माचा डावा हात उठला. पाण्यावरून, पंख्यावरून, बाकीच्या बटणांवरून तो हळूहळू सरकत गेला आणि शेवटच्यावर पडला.

स्पीकरमधून आह यीचा आवाज आला. जेवलास का?

या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यात ठरलेलं असतं. भेटल्यावर एकानं विचारायचं, जेवलास का, आणि दुसऱ्यानं म्हणायचं, जेवलो. पोटात काही असो नसो. लिमनी ते उत्तर जन्मभर दिलं असणार, स्टॉलवरच्या लोकांना, गिऱ्हाइकांना, तिलाही.  या वेळी त्यांनी मान हलवली आणि टिओच्यूत काहीतरी म्हणाले. शब्द मला कळले नाहीत, पण आह यीनं तोंडावर पदर घ्यावा तसा रुमाल घेतला आणि माझ्याकडे वळून सांगितलं, "ही से, नॉट येट."

आह मानं परत तेच बटण दाबलं. लिम परत तेच म्हणाले. तिनं तिसऱ्यांदा दाबलं, आणि यंत्रानं तिसऱ्यांदा विचारलं. मग तिनं बहिणीकडे बघितलं आणि डोळ्यांनी स्वयंपाकघर दाखवलं. आह यी उठली. आत पातेल्यात पाणी पडल्याचा आवाज आला.

लिम पलंगाशी स्टुलावर बसून जेवले. आह मा त्यांचा वाडगा रिकामा होईपर्यंत बघत होती, स्टॉलवाली गिऱ्हाइकाकडे बघते तसं. तिचा राग खरंच होता का, असला तर कधी गेला, हे लिमनी तिला विचारलं नाही. मलाही थांबायला सांगितलं होतं, पण मी बस पकडली आणि पासिर रिसपर्यंत खिडकीच्या काचेला डोकं लावून झोपले.

आह मा पुढच्या वर्षी गेली. त्याआधी काही महिने हातही गेला होता, पण तोवर रोज संध्याकाळी विचारून झालं होतं. लिम घरी लवकर जायला लागले होते, न जेवता. तो डबा पुढे कुणी बनवला नाही. यूएसबी आयतं येणाऱ्या चिपा आता आमच्याही खणात आल्या आहेत, टिंबं मोजायची गरज कुणाला पडत नाही, आणि माझी ग्राफची वही घर बदलताना कुठेतरी गेली. मी दुसऱ्या कंपनीत आहे. तिथे माझ्या हाताखालची मुलं पाच बटणं तपासून "मॅडम, सहावं पण चालेल" म्हणतात, तेव्हा मी फार खवचट बोलते. त्यांना वाटतं मॅडमना धुराचा त्रास होतो.

सांगायला लाज वाटते, पण एवढं सगळं बघूनही मी आईला तीन वर्षं "हो गं, जेवले" असंच म्हणत आले. थकल्यावर माणूस सोपं उत्तर देतो, दुसऱ्याचं कितीही बघितलेलं असो.

आज रविवार. खिडक्या बंद, जीभ कडवट, प्रशांत लॅबमध्ये. आईचा फोन आला. मागे घरभर माणसांचा गलका होता, ताटांचे आवाज, कुणीतरी मीठ मागत होतं.

"जेवली का?"

"नाही गं," मी म्हटलं. "अजून नाही."

 आई मागच्या कुणावर तरी ओरडली, "अगं, जरा ती परात धर, मी पोरीशी बोलून राहिली ना!" आणि दार लावल्याचा आवाज आला. गलका एकदम कमी झाला.

"हं, सांग. तांदूळ आहेत घरात? डाळ? दोन्ही धुऊन घे आधी. घाई नको करू, मी आहे फोनवर."

मी फोन खांद्याला लावून मान तिरकी केली आणि तांदळाचा डबा उघडला.